मधलं कापलेली मालगाडी

येवलेकर काकांनी माझं नाव पहिल्याच दिवशी मधून कापलं.

नाशिक रोडला त्यांच्या घरामागची खोली भाड्यानं मिळेल का, हे विचारायला मी दारात उभा होतो. माझ्या हातात पिशवी. काकांच्या हातात करवतीचं हेक्सॉ ब्लेड.

"नाव?"

"सुधाकर."

"चार अक्षरं? मधली दोन काय कामाची? सुर. आजपासून तू सुर."

मी मान डोलावली. खोली मिळत असेल तर त्यांनी मला 'सुरण' म्हटलं असतं तरी मी ओ दिली असती. मी गोंदियाकडचा. आठवीत शाळा सुटली, मग इकडेतिकडे करत सव्विसाव्या वर्षी अंबडच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर लागलो. या गावात ओळखीचं कुत्रंही नव्हतं. आतून काकू म्हणाल्या, "घाबरू नकोस रे. माझं नाव शकुंतला. लग्न झाल्यापासून मी 'शला' आहे."

काका मनमाडच्या यार्डात मालगाडीचे डबे तपासायचे. लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकांवर ठोकत जायचं आणि आवाजावरून चाक ठीक आहे की नाही ते सांगायचं. तीस वर्षं हेच. रिटायर झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात, काका अमेरिकेला लागले. म्हणजे गेले नाहीत, घरातच आणली.

त्याचं असं झालं. त्यांची एकुलती मुलगी अनुराधा लग्न होऊन अमेरिकेत गेली. पहिल्याच वर्षी तिनं बाबांना खेळण्यातली रेल्वे पाठवली. एक इंजिन, गोल रूळ आणि मालगाडीचे चार डबे, खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. काकांनी अमेरिकेचा ट्रान्सफॉर्मर सरळ नाशिक रोडच्या विजेला लावला. गाडी हलली नाही, पण धूर मात्र खऱ्या इंजिनासारखा निघाला. काकूंनी घाबरून मेन स्विच पाडला. काका म्हणाले, "सुरुवात चांगली आहे."

मी राहायला आलो तोवर हॉलमध्ये भिंतीला लागून, प्लायवुडच्या फळ्यांवर, ती अमेरिका उभी राहिली होती. एका कोपऱ्यात धान्याचं उंच कोठार, त्याच्या पलीकडे लाकडाची वखार आणि मधोमध रेल्वे फाटक. सोफा गॅलरीत गेला होता. काकू म्हणायच्या, "अमेरिकेत आम्हाला बसायला जागा नाही."

अडचण एकच होती. अमेरिकेतले डबे लांबलचक आणि काकांचा हॉल दहा बाय बारा. त्यामुळे वळण अगदी आखूड घ्यावं लागलं होतं. त्या वळणावर लांब डब्याचं पोट आत शिरायचं, टोक बाहेर यायचं आणि काकूंच्या पाण्याच्या माठाला धडकून आख्खी गाडी आडवी व्हायची. यावर काकांनी उपाय काढला. डबा घ्यायचा, करवतीनं दोन ठिकाणी कापायचा, मधला तुकडा बाजूला ठेवायचा आणि दोन टोकं एकमेकांना चिकटवायची.

लेकीनं साता समुद्रापलीकडून पाठवलेल्या वस्तूला माणूस करवत लावतो, हे पाहून मला पहिल्यांदा घामच फुटला. काकांनी मला समोर बसवलं.

"सुर, तू डबा कशावरून ओळखतोस?"

"रंगावरून?"

"टोकांवरून! टोकाला शिडी असते, ब्रेकचं चाक असतं, कपलिंग असतं. मध्ये काय? नुसता पत्रा. मधलं काढलं तर डोळ्याला पत्तासुद्धा लागत नाही. दोन टोकं शाबूत ठेवायची, मधलं कापायचं. झालं!"

पाठवलेले डबे संपल्यावर काका स्वतः बनवू लागले. जाड पुठ्ठा हवा म्हणून गल्लीतल्या सगळ्या लग्नपत्रिका त्यांच्याकडे जमा व्हायच्या. बाहेरून पिवळाजर्द अमेरिकन डबा, त्यावर लाल इंग्रजी अक्षरं, आणि छत उघडून पाहिलं तर आत 'श्री गणेश प्रसन्न' आणि 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'. गंमत म्हणजे पुठ्ठ्याचा डबाही ते आधी पूर्ण लांबीचा बनवायचे आणि मग कापायचे. मी भीत भीत म्हणालो, "काका, आधीच आखूड बनवला तर?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी रात्री सामान बांधायला घ्यावं की काय, असं वाटलं. "कापल्याशिवाय आखूड कसा होईल? तो बुटका होईल."

कापलेले मधले तुकडे बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात जायचे. प्रत्येकावर पेन्सिलीनं नंबर. काकू दर दिवाळीला तो डबा भंगारात काढायच्या आणि काका दर दिवाळीला तो परत आत आणायचे. "लागतं कधीतरी," एवढंच म्हणायचे. कशाला लागणार, ते कधी सांगितलं नाही.

हळूहळू करवत हॉलबाहेर पडली. घरी सत्यनारायण होता, तेव्हा काकांनी गुरुजींना सांगितलं, "पहिला अध्याय आणि पाचवा. मधलं लोकांना पाठ आहे." गुरुजींना पुढे आणखी दोन पूजा होत्या, त्यामुळे त्यांना हा यजमान फार धार्मिक वाटला. लग्नाला गेले तर अक्षता टाकायच्या आणि थेट पंगतीत बसायचं. शेजारचे कुलकर्णी मास्तर आपल्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची हकिकत सांगायला बसले, तर काकांनी विचारलं, "पोटात दुखलं आणि आता बरं आहे. बरोबर?" मास्तर महिनाभर बोलले नाहीत. काकूंना एकदा म्हणाले, "शला, स्वयंपाकात फार वेळ जातो. मधलं काप." त्या दिवशी काकूंनी ताटात एका बाजूला मीठ वाढलं, दुसऱ्या बाजूला लिंबाची फोड. मधलं कापलं होतं.

माझ्यावर मात्र काका खूश होते, ते माझ्या पत्रांमुळे. मी महिन्याला आईला एक कार्ड टाकायचो. शाळा लवकर सुटल्यामुळे शुद्धलेखनाची धास्ती, म्हणून आधी काकांना दाखवायचो. 'तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. मी इकडे खुशाल आहे, तुमची खुशाली कळवणे. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.' काका कार्ड हातात धरून काकूंना हाक मारायचे. "शला, हे बघ! याला म्हणतात पत्र! दोन टोकं आहेत, मध्ये काही नाही!"

खरं तर मध्ये पुष्कळ होतं. दुसऱ्याच वर्षी प्रेसमध्ये माझं डाव्या हाताचं बोट सापडलं आणि वरचं पेर गेलं. नोकरी जाणार, खोली जाणार, म्हणून मी दवाखान्यात रडत होतो. काका रिक्षानं आले. डॉक्टरांना म्हणाले, "टोक गेलं का? अरेरे, मधलं गेलं असतं तर चाललं असतं." मग पंधरा दिवस काकूंनी मला तिन्ही त्रिकाळ जेवू घातलं आणि काकांनी कारखान्यात जाऊन साहेबाशी भांडून माझी जागा राखली. हे भांडण मात्र त्यांनी मधलं न कापता केलं, असं नंतर वॉचमननं सांगितलं.

रविवारी सकाळी अमेरिकेचा फोन यायचा. अनुराधाताई ऑफिसला जायच्या त्या रस्त्यावर रेल्वेचं फाटक होतं. मालगाडी आली की सगळेजण गाड्या बंद करून बसून राहायचे. काका विचारायचे, "बरी आहेस ना? बरं. या आठवड्यात किती डबे?" ताई सांगायच्या, एकशे चार. त्यात पिवळे किती, तपकिरी किती. काका वहीत लिहून घ्यायचे. काकू फोन ओढून घेत म्हणायच्या, "लेकीशी बोलतात की मनमाड यार्डाशी?" हॉलमधलं ते मधोमधचं फाटक ताईंचं होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. फाटकाशी बोटभर लांबीची एक निळी मोटार कायम थांबलेली असायची. आणि आणखी एक गोष्ट. सगळ्या जगाची नावं कापणाऱ्या या माणसानं 'अनुराधा' हे नाव कधी कापलं नाही.

दोन हजार साल उलटून गेल्यावर एका रविवारी फोन आला. अनुराधाताई येणार, मुलाला घेऊन, दहा दिवस. आठ वर्षांत पहिल्यांदा. सात वर्षांच्या रोहननं आजोबांची रेल्वे फक्त फोटोत पाहिली होती.

त्या दिवसापासून घरात युद्धपातळीवर काम सुरू झालं. काकूंनी चिवडा, लाडू, गोधड्या, वरच्या मजल्यावर कमोड, सगळं करून घेतलं. काकांनी एकच ध्यास घेतला, अठरा डब्यांची गाडी न घसरता पूर्ण फेरी मारली पाहिजे. सतरा डबे वळायचे आणि अठरावा माठाजवळ आडवा व्हायचा. मी कारखान्यातून आलो की हाक यायची, "सुर, इकडे ये!" मला वाटायचं, गेली खोली. तर काका फळीला गाल टेकवून चाकांकडे बघत असायचे. "आवाज ऐक. अठराव्याचं मागचं चाक खोटं बोलतंय." चार इंचांच्या डब्याचं चाक ते सुईनं ठोकून तपासत होते.

मग फोन आखूड व्हायला लागले. ताईंच्या सासरी पुण्याला पूजा निघाली, म्हणून दहाचे सहा दिवस झाले. मुंबईत दिराचं लग्न ठरलं, सहाचे दोन झाले. शेवटी असं ठरलं की शिर्डीहून मुंबईला जाताना वाटेत थांबायचं, जेवायला. काका प्रत्येक वेळी फोनवर म्हणाले, "बरं, बरं. काही हरकत नाही." आणि फोन ठेवून अठराव्या डब्याकडे गेले.

ते आले साडेबाराला. ड्रायव्हरनं गाडी वळवूनच लावली. ताईंनी काकूंना मिठी मारली ती बराच वेळ सोडली नाही. काकांच्या पाया पडल्या. काका म्हणाले, "बरी आहेस ना? बरं." आणि रोहनचा हात धरून हॉलमध्ये गेले.

रोहन फळीला हनुवटी टेकवून पाहत राहिला. मग म्हणाला, "आजोबा, हे डबे शॉर्ट आहेत."

आमच्या गल्लीत इतक्या वर्षांत हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आम्ही कोणी अमेरिकेची मालगाडी पाहिली होती? काकांना आनंद झाला. "शाब्बास! मधलं कापलंय."

"मग मधलं कुठे गेलं?"

काकांनी कपाटाखालून तो पत्र्याचा डबा ओढून काढला.

रोहननं सगळे तुकडे फरशीवर ओतले आणि नंबर लावून एकाला एक जोडत बसला. पिवळा, तपकिरी, पुन्हा पिवळा. काकाही मांडी घालून त्याच्याशेजारी बसले. ताई आल्या, पदर खोचून त्याही बसल्या. "बाबा, हा पिवळा मी पहिल्या वर्षी पाठवलेला ना?" "हो. नंबर दोन." ती बिनटोकांची लांबलचक मालगाडी दारापर्यंत गेली.

गाडीचा स्विच मीच दाबला. मला काही सुचलं नाही म्हणून. अठरा डबे निघाले, कोठारावरून, फाटकावरून, निळ्या मोटारीसमोरून. माठाजवळचं वळण आलं. अठरावा डबा डगमगला आणि सरळ निघून गेला. पूर्ण फेरी झाली. मी ओरडणार होतो. पण तिकडे कोणीच पाहत नव्हतं, काकाही नाही.

पावणेतीनला ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली तेव्हा काकू म्हणाल्या, "तुमचंच ऐकलं हो लेकीनं. येणं आणि जाणं ठेवलं." त्या रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

काका आत येऊन तुकडे डब्यात भरू लागले. एकेक नंबर पाहून. मग म्हणाले, "नंबर दोनचा नाहीये."

"शोधू का, काका? कपाटाखाली गेला असेल."

"नको. गेला तो रोहनच्या खिशातून." आणि त्यांनी झाकण लावलं.

पुढच्या आठवड्यात मी नेहमीसारखं कार्ड लिहून त्यांच्याकडे नेलं. काकांनी वाचलं. पुन्हा वाचलं. काकूंना हाक मारली नाही.

"सुर, यात मधलं कुठाय?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. "तुम्हीच तर..."

"बोटाचं आईला कळवलंस?"

"नाही. तेव्हापासून गावी गेलोच नाही. काळजी करत बसंल बिचारी."

"मग करू दे की. ती तिच्या वाटणीची काळजी आहे. तू कोण कापणारा?" कार्ड बाजूला सारून त्यांनी वहीचे कोरे कागद पुढे ठेवले. "लिही. काय जेवतोस, कुठे निजतोस, कारखान्यात कोण त्रास देतो, सगळं. शुद्धलेखनाकडे बघू नकोस, ते मी बघतो. आणि सुधाकर..."

पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझं नाव पूर्ण घेतलं होतं. मी इतका घाबरलो की उभाच राहिलो.

"बस. घाई नाही."

दोन दिवस लिहीत होतो. बोटाचं लिहिलं, काकूंच्या पंधरा दिवसांच्या जेवणाचं लिहिलं, अठराव्या डब्याचंही लिहिलं. पोस्टात काका बरोबर आले. खिडकीतल्या माणसानं पाकीट तळहातावर उचलून पाहिलं, मग काट्यावर ठेवलं.

"जड आहे. आणखी तिकीट लागेल."

"लावा," काका म्हणाले. त्यांच्या हातात त्यांचं स्वतःचं पाकीट होतं, परदेशी पत्त्याचं. तेही त्यांनी काट्यावर ठेवलं.