थंड व कोरड्या जागी ठेवावे

वीज डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे ती वाचवलेलीही दिसत नाही. ते दाखवावे लागते आणि दाखवायला कागद लागतो. एका सरकारी कार्यालयात हे तत्त्व शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना उमगले होते. उमगले नव्हते ते फक्त तिथल्या वायरमनला.

शर्टाच्या खिशाला पेनाऐवजी टेस्टर लावत, म्हणून सगळे त्यांना टेस्टरकाका म्हणत. बत्तीस वर्षे नोकरी झाली होती, निवृत्तीला सहा महिने उरले होते. हे सहा महिने कुणाच्या अध्यात ना मध्यात असे काढायचे, असा शब्द त्यांनी काकूंना दिला होता. नेमके तेव्हाच वरून परिपत्रक आले: इमारती, वाहने व खरेदी यांत ऊर्जेची काटकसर करावी आणि वीजवापर वीस टक्क्यांनी घटवावा.

कार्यालयाने तातडीने पावले उचलली. परिपत्रकाच्या एकशे चाळीस प्रती निघाल्या (एकाच बाजूला छापून, दोन्ही बाजूंना छापणारे मशीन बंद होते). ऊर्जाबचत समिती बसली. तिने थंड डोक्याने विचार करावा म्हणून सभागृहाचे चारही एसी सकाळपासून लावले गेले. साहेबांसाठी विजेवर चालणारी गाडी आली. ती वाटेत बंद पडली तर खोळंबा नको, म्हणून डिझेलची जुनी गाडी रोज तिच्या मागून रिकामी धावू लागली.

काकांना समितीत घेतले नाही, मीटर वाचायला धाडले. रविवारी इमारतीत चिटपाखरू नसताना ते गेले, तर मीटर असे पळत होते, जणू त्याला कुणी ओव्हरटाइम लावला आहे. काका एकेक वायर धरत तिसऱ्या मजल्यावरच्या एका कुलूपबंद खोलीपाशी पोचले. कुलूप गंजलेले, दार मात्र हाताला गार लागले. कान लावला. आत दोन एसी घुरघुरत होते.

किल्ली होती भांडारपालाकडे. भांडारपालाची सहा वर्षांपूर्वी बदली झाली होती.

काकांनी आयुष्यभर जे केले तेच केले. फ्यूज काढला आणि खिशात टाकला. आठ दिवसांत इमारतीचा वापर तेवीस टक्क्यांनी उतरला.

घरी हे ऐकून काकू म्हणाल्या, "कुणाजवळ बोलू नका. चांगलं काम केलंत हे कळलं तर चौकशी लागेल."

पण काकांना राहवेना. त्यांनी सुवाच्य अक्षरात अहवाल लिहून दिला. दुसऱ्याच दिवशी हेडक्लार्क बाईंनी बोलावले.

"काका, काय करून बसलात हे?"

"बचत, बाई. तेवीस टक्के."

"कशाच्या तुलनेत?"

"गेल्या आठवड्याच्या."

"गेला आठवडा हिशेबातच नाही! मूळ वापराची मोजणी पुढच्या महिन्यात आहे. तुम्ही मोजायच्या आधीच वाचवलीत. आता मूळ आकडाच खाली आला, त्यातून आणखी वीस टक्के कुठून काढू? माझ्या टेबलावरच्या पंख्यातून?"

संध्याकाळी नोटीस आली. 'विनापरवानगी बचत करून शासनास बचतीपासून वंचित ठेवल्याबद्दल' कारणे दाखवायची होती आणि फ्यूज ताबडतोब लावायचा होता. नोटीस राहिली तर पेन्शनचे कागद अडणार, हे काकांना ठाऊक होते. त्यांनी फ्यूज लावला.

पुढचा महिना मोजणीचा होता. आकडा भरघोस यावा म्हणून कुणीही कुठलेही बटण बंद करू नये, असा तोंडी आदेश निघाला. माणसे दिवसा दिव्याखाली बसली, एसी लावून वर हीटरवर पाय शेकू लागली. एरवी शिस्तीच्या नावाने शंख असलेल्या त्या कार्यालयात एवढी शिस्त पूर्वी कुणी पाहिली नव्हती. काका मात्र डब्याला हात न लावता घरी जाऊ लागले.

मोजणी संपली आणि आता वापर घटवायचा म्हणून पाच पंचांसमक्ष त्या खोलीचे कुलूप फोडले. आतून असा गारठा आला की दोन पंच स्वेटर आणायला गेले. खोलीत छतापर्यंत खोकी रचलेली होती. काकांनी एक उघडले. कमी विजेत जास्त उजेड देणाऱ्या नऊशे एलईडी ट्यूब, सहा वर्षांपूर्वी बचतीसाठीच घेतलेल्या. प्रत्येक खोक्यावर छापले होते: 'थंड व कोरड्या जागी ठेवावे.' भांडारपाल नियमाला धरून चालणारा माणूस होता.

साहेबांनी खोक्यावरून हात फिरवला. "खरेदी उत्तम झालीय."

"आजच बसवतो, साहेब," काका म्हणाले.

"जुन्या ट्यूब पेटतात ना?"

"पेटतात."

"मग पेटती ट्यूब काढणं ही उधळपट्टी झाली. निकामी झाल्यावर रीतसर बदला. तोवर ह्या आहेत तिथेच राहू द्या. एसीसकट."

काका जिना उतरले. बत्तीस वर्षांत प्रथमच त्यांनी हेडक्लार्क बाईंकडून एक कोरा तक्ता मागितला: 'निकामी साहित्याची यादी'. पुढचे तीन रविवार ते शिडी घेऊन मजलोमजली फिरले आणि एकेका ट्यूबला टेस्टर लावून पाहिला. नऊशेच्या नऊशे जुन्या ट्यूब निकामी निघाल्या. (टेस्टरने ट्यूब निकामी ठरते का, हे विचारायला समितीतल्या कुणालाच टेस्टर ठाऊक नव्हता.) यादीवर सह्या झाल्या, नव्या ट्यूब लागल्या, खोली रिकामी झाली. काकांनी फ्यूज पुन्हा काढला, या वेळी लेखी परवानगीने.

बचत झाली एकेचाळीस टक्के. समितीला ढाल मिळाली. सत्कारात काकांचे नाव घ्यायचे राहून गेले, पण नोटीस मागे घेतली गेली. त्या रात्री ते दोनदा भात वाढून घेऊन जेवले. काकू नुसत्या हसल्या.

गोष्ट इथेच गोड झाली असती. पण काका निवृत्त झाले त्याच आठवड्यात कार्यालयात एक अर्ज आला. तिसऱ्या मजल्यावर त्या खोलीला लागून एक बाक आहे. दाराच्या फटीतून येणारी गार झुळूक थेट त्याच्यावर यायची. कामासाठी ताटकळणारे नागरिक वर्षानुवर्षे त्यावर बसून सरकारी उधळपट्टीला शिव्या देत आले होते. ती झुळूक अचानक बंद झाल्याने जनतेचे हाल होत असून ती पूर्ववत सुरू करावी, ही मागणी. खाली त्रेचाळीस सह्या.

कार्यालयाने लोकभावनेचा मान राखला. रिकाम्या खोलीतले दोन्ही एसी त्याच दुपारी सुरू झाले.

अर्ज फाइलीत नीट लावून ठेवला आहे. सतरावी सही कुणाची, ते कार्यालयात कुणालाच कळत नाही. पण तुम्हीही त्या बाकावर कधी ताटकळला असाल, तर फाइल मागून जरूर पाहा. स्वतःचे अक्षर माणसाला कुठेही ओळखू येते.