तात्यांचा तळहात

चूक माझी होती आणि ती मी चहाच्या टपरीवर चारचौघांत दुसऱ्याच्या गळ्यात घातली, हे आधीच सांगून टाकतो. तो दुसरा माणूस म्हणजे बारामतीत इंदापूर रस्त्याला गॅरेज चालवणारे तात्या.

तात्या पान्याआधी तळहात वापरत. बॉनेटवर डावा हात ठेवून डोळे मिटायचे. इथवर ठीक होतं. पण मग तोच हात गाडीच्या मालकाच्या कपाळावर यायचा. बँकेच्या एका साहेबाला ते म्हणाले, "गाडीला काय न्हाय झालं. तुमी तापलाय." साहेब हसले. त्याच आठवड्यात टायफॉइडनं आडवे झाले. तेव्हापासून लोक तात्यांना हातभर लांबूनच रामराम घालायचे.

मी काटेवाडीचा. वस्त्यावस्त्यांवरचं दूध गोळा करून डेअरीत पोचवायचो. उसाच्या फडांतून, चिखलातून, बांधांवरून माझी जीप जायची, आणि उन्हाळ्यात तापून बसली की दूध नासायचं. नव्वदच्या दशकाची अखेर होती. तात्यांनी अपघातात मोडलेल्या एका ट्रकचा टर्बो आणि इंटरकूलर आणला. टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो आणि ती गरम हवा आत शिरण्याआधी इंटरकूलरमधून जाते आणि निवते, एवढंच मला कळलं. इंटरकूलर त्यांनी समोरच्या जाळीमागं, रेडिएटरच्या पुढं बसवला. एक विजेचा पंखाही लावला. दुसरे मिस्त्री गाडी तापली की थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन फार गार पडू न देणारी झडप, काढून फेकायचे; तात्या फेकू देत नसत.

"निवावं, पर गार पडू नये," हे त्यांचं पालुपद. इंजिनाला तेच, चहालाही तेच. टपरीवाला बबन वैतागून म्हणायचा, "तात्या, आता कपाच्या बी कपाळाला हात लावा."

जीप पळायला लागली, पण चढाला शीळ घालायची. लांबून एखाद्या बाईनं कुणाला तरी हाक मारावी, तशी. ऊस तुटून गेलेल्या उघड्या रानात, भर दुपारी, ती हाक मागून आल्यासारखी वाटायची. मी वळून बघायचो. मागं फक्त पाचट हलत असायचं. आणि किल्ली काढून खिशात घातल्यावरसुद्धा पंखा आपोआप फिरायला लागायचा.

तात्यांना सांगितलं, तर म्हणाले, "फिरू द्या की. पाणी निवलं की थांबतोय. तवर जवळ उभं ऱ्हावा. एकटी सोडू नका तिला."

एकटी! मी तडक अंथुर्ण्याला माझ्या मामांकडं गेलो.

मामांनी निदान केलं. "ट्रकात मेलेलं कुणीतरी संगं आलंय. जाळीला काळी घोंगडी बांध. त्याला वाट दिसायची न्हाय." आमची मेंढरं कधीच गेली होती, घोंगड्या उरल्या होत्या. मी एक तुकडा जाळीवर घट्ट बांधला. पंखा थांबण्याऐवजी जास्तच वेळ फिरू लागला. म्हणून मी घोंगडीची आणखी एक घडी घातली.

दुसऱ्याच दिवशी अंथुर्ण्याच्या अलीकडं जीप उकळली. हेड गॅस्केट गेलं, दूध नासलं. मी घोंगडी सोडून सीटखाली कोंबली, जीप ओढून बारामतीत तात्यांच्या गॅरेजात टाकली आणि टपरीवर जाऊन म्हणालो, "तात्यांच्या हातालाच काहीतरी हाय. मेलेल्या ट्रकाचं सामान घातलं माझ्या गाडीत."

लोकांना तेवढंच हवं होतं. हळूहळू गॅरेजसमोरच्या गाड्या कमी झाल्या. मग दिसेनाशाच झाल्या. माझी जीप तेवढी आत होती.

ती न्यायला गेलो तेव्हा तात्या इंटरकूलरच्या पात्यांत अडकलेले काळे लोकरीचे धागे चिमटीनं काढत होते. एक धागा उजेडात धरून त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि तो खिशात टाकला. इंजिन चालू करून, तापवून त्यांनी बंद केलं आणि बॉनेटवर हात ठेवला.

मी विचारलं, "तात्या, सारखा हात कशाला लावता?"

"माझी पोरगी तापानं फणफणली हुती," ते म्हणाले. "कपाळावर हात ठिवून बसलो. पहाटं अंग निवलं. बायकूला म्हनलं, ताप उतरला, झोप आता. मी बी झोपलो."

आत लोखंड टिकटिकत होतं.

"ते निवणं न्हवतं, पाव्हणं. ती गार पडत हुती. ह्या हाताला फरक कळला न्हाय."

तेवढ्यात पंखा आपोआप सुरू झाला. दोघंही दचकलो नाही. तो थांबेपर्यंत तात्यांनी हात काढला नाही, आणि मीही जागचा हललो नाही.

मग मी सीटखालची घोंगडी ओढून काढली आणि तात्यांना टपरीवर घेऊन गेलो. तीच माणसं बसली होती. घोंगडी बाकावर टाकून म्हणालो, "ही मी बांधली हुती जाळीला. हवाच जाईना आत. गाडी माझ्यामुळं उकळली, आन् नाव मी तात्यांचं घेतलं."

बबन म्हणाला, "आरं, गाडीला थंडी वाजत हुती का काय?" कुणीच हसलं नाही.

मी तात्यांचा डावा हात धरला, स्वतःच्या कपाळावर ठेवला आणि म्हणालो, "तात्या, चुकलं माझं. माफ करा."