वळताना ठोका

मकबूलभाईंची जुनी पिकअप मुखेडबाहेरच्या काळ्या मातीत रुतली, तेव्हा मागचं डावं चाक वेड्यासारखं गरगरत होतं आणि उजवं लग्नातल्या पाहुण्यासारखं स्वस्थ बसलं होतं. बैलजोडी लावून गाडी निघाली, पण मकबूलभाईंची धडधड थांबेना. चार दिवसांनी याच गाडीतून पोरीला लातूरला पोचवायचं होतं.

मकबूलभाई आठवडी बाजारात गाद्या विकत. माणूस अंगानं थोराड, पण लातूरच्या भूकंपापासून त्यांनी भीतीचं दुकानच उघडलं होतं. भूकंपाला सात-आठ वर्षं उलटली तरी ते भिंतीपासून हातभर लांब झोपत, आणि मांजरानं डबा पाडला तर सगळ्यात आधी तेच अंगणात उभे असत. त्यात त्यांची पोरगी जेबा दहावीला असे मार्क घेऊन आली की शाळेतले गुरुजी घरी येऊन म्हणाले, "हिला लातूरलाच घाला." अख्खा मराठवाडा तेव्हा पोरं लातूरच्या क्लासला घालत होता.

"जिथं जमीन हलती, तिथं माझी पोरगी न्हाई जायची," मकबूलभाई म्हणाले. जेबानं जेवण सोडलं. दुसऱ्या दिवशी ते नरमले, पण अट घालूनच. "एक जरी धक्का बसला, तर त्याच पावली सामान गाडीत. मंग रडायचं न्हाई."

"कबूल, अब्बा," जेबा म्हणाली आणि ताटावर बसली.

आता उरली गाडी. पंढरी मेकॅनिकनं ती जॅकवर चढवून दोन तुकडे पुढे ठेवले. मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलमध्ये यांपैकी एक बसवायचा होता.

"बघा मकबूलभाई, हे चकत्यांचं हाय. एक चाक घसरलं तर दुसऱ्याला थोडी ताकद देतंय. आवाज न्हाई, कटकट न्हाई. पण चाक पार बुडालं तर मी जबान देत न्हाई."

"आन् हे?"

"हे लॉक. दोन्ही चाकं एकमेकाला बांधून टाकतंय. एक फिरलं की दुसऱ्याला फिरावंच लागतंय. चिखल असो नाहीतर नाला, अडकायचं नाव न्हाई. फकस्त वळताना..."

"अडकायचं न्हाई ना? मंग हेच बसव."

"पुरं ऐका तर! ॲक्सिलेटर दाबून वळलात तर धाडदिशी ठोका दील. भिऊ नका."

"मी कशाला भितो?" मकबूलभाई म्हणाले. शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं, साबेरानं, आभाळाकडे पाहिलं.

निघाले त्या दिवशी लॉकनं कमाल केली. जळकोटच्या अलीकडे रस्त्याचं काम चाललं होतं, तिथल्या चिखलात दोन ट्रक आणि एक एसटी फसून पडली होती. मकबूलभाईंची पिकअप, मागे जेबाची पेटी आणि वसतिगृहाला विकायच्या गाद्यांचा ढीग घेऊन, त्यांच्या शेजारून बैलासारखी रेटत निघून गेली. एसटीतले लोक बघत राहिले. पुढचे काही मैल मकबूलभाई कशालाच घाबरले नाहीत.

लातुरात वसतिगृहाच्या गल्लीशी अरुंद, चढाचं वळण होतं. गाडी मागे सरकेल या भीतीनं मकबूलभाईंनी ॲक्सिलेटर दाबला आणि स्टेअरिंग पुरं फिरवलं. खालून धाडकन आवाज आला, सीट हादरली. मकबूलभाईंनी दार उघडलं, बायको-पोरीला बाहेर ओढलं आणि ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "भूकंप! भागो! भूकंप!"

लातुरात हा शब्द दोनदा सांगावा लागत नाही. तीन मजल्यांचं वसतिगृह भराभरा रिकामं झालं. समोरच्या क्लासचे सर हातात खडू घेऊनच पळाले. एका पोरानं गॅलरीतून थेट पिकअपमधल्या गाद्यांवर उडी घेतली. एसटीडी बूथवर रांग लागली, "पप्पा, न्यायला या" म्हणून रडारड सुरू झाली. पोरीला सोडायला आलेल्या एका गृहस्थांनी ट्रंक रिक्षात टाकलीसुद्धा. वसतिगृहाच्या मालकीण कोंडाबाई पायरीवर बसून रडू लागल्या. "आता कोण पोरगी ठिवतंय माझ्याकडं?"

 जेबानं हिसक्यात अर्धवट बाहेर सरकलेली पेटी परत गाडीत ढकलली आणि पाठ फिरवून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. 

साबेरा मकबूलभाईंच्या कानाशी लागली. "जेबाचे अब्बा, पंढरी काय म्हणला होता? वळताना ठोका?"

मकबूलभाईंच्या पायाखालची जमीन आता मात्र खरंच सरकली. एवढ्या जमावापुढे बोलायचं म्हणजे मार खायची तयारी हवी. पण जेबाची पाठ दिसत होती. त्यांनी हात जोडले. "माफ करा. भूकंप न्हाई. माझी गाडी हाय."

"गाडी?" कोंडाबाई उठल्या. "पुन्हा वळवून दाखवा!"

त्यांनी गाडी मागे घेतली आणि पुन्हा वळवली. धाडकन! आधी सगळे किंचाळले, मग सगळे हसले. पोरं म्हणाली, "काका, वन्स मोर!" तिसऱ्यांदा वळवली तेव्हा टाळ्या पडल्या. रिक्षातली ट्रंक खाली आली, सर खडूसकट परत गेले, आणि जेबाची पेटी तिसऱ्या मजल्यावर चढली.

साबेरा पोरीची खोली लावून द्यायला वर गेली. मकबूलभाई खाली बंद पिकअपला टेकून घाम पुसत होते. चावी हातात होती. तेवढ्यात जमिनीच्या पोटातून घुर्रर्र झालं. पाठीमागची पिकअप शहारली, खिडक्यांच्या काचा थडथडल्या, आणि सगळं थांबलं.

एकही माणूस बाहेर आला नाही. वरून कोंडाबाईंचा आवाज आला, "ओ मकबूलभाई, बस करा की आता! लेकरं अभ्यास करायलीत!" पाठोपाठ मजल्या-मजल्यावर हसू फुटलं.

 मकबूलभाईंनी वर पाहिलं. खिडकीत जेबा गज घट्ट धरून उभी होती आणि ती हसत नव्हती. तिची नजर रिकाम्या ड्रायव्हर सीटवरून अब्बांच्या हातातल्या चावीवर आली. अट अब्बांची होती, शब्द तिचा होता. ती फक्त त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

अब्बांनी ओरडायला तोंड उघडलं होतंच. इतकी वर्षं तेच केलं होतं.

"हाव हाव!" मकबूलभाई ओरडले. "मीच! आता न्हाई वळवत!"

आणि ते तिथंच रस्त्यात बसले.

परतीच्या वाटेवर उदगीर मागे पडलं. मग साबेरा समोर रस्त्याकडे बघत म्हणाली, "मी तवा जिन्यातल्या खिडकीत होते. गाडीत कुणीच नव्हतं."

मकबूलभाईंनी करकचून ब्रेक दाबला. "मंग बोललीस का न्हाई?"

"तुम्ही बोललात?"

मकबूलभाईंनी गाडी पुन्हा चालू केली.