मल्लप्पातात्यांचा रुपया

सकाळी चहाच्या आधी आमचे मल्लप्पातात्या आपल्या सगळ्या मित्रांना फोनवरून एकेक रुपया पाठवतात. मित्रांनी तो लगेच परत पाठवायचा. सगळे रुपये परत आले की मगच गॅसवर आधण चढतं. एखादा अडकला तर तात्यांचा चहा लांबतो, आणि मी समोरच राहत असल्यामुळे त्यांची कुरकुर मला ऐकावी लागते.

हे मित्र म्हणजे टॉवेलच्या कारखान्यात त्यांच्याबरोबर मागावर उभे राहिलेले लोक. कारखाना केव्हाच बंद पडला, पण तात्यांनी हजेरी घेणं सोडलेलं नाही. मी एकदा सुचवलं, त्यापेक्षा फुलांचं चित्र पाठवा, सगळं जग पाठवतं. मी शाळेचे गणवेश शिवते. एखाद्या सदऱ्याला उलटी बाही जोडली असती तर त्यांनी जसं पाहिलं असतं, तसं माझ्याकडे पाहिलं.

"फुलं काय, आजोबाच्या फोनवरनं नातवंडंबी ढकलत्यात. रुपया परत कराय पिन लागतो. पिन आठवला म्हंजी माणूस जागंवर हाय."

पिन आठवला म्हणजे माणूस जाग्यावर, हे त्यांचं तत्त्वज्ञान. त्याला अपवाद एकच, व्यंकटय्या. ते तात्यांच्या शेजारच्या मागावर होते. अलीकडे त्यांना पिन आठवत नाही, कधी कधी सुनेचं नावही आठवत नाही. त्यांचा रुपया आला नाही की तात्या सायकल काढून त्यांच्या घरी जातात, कानात पिन सांगतात, रुपया परत करून घेतात आणि घरी येऊन समाधानाने म्हणतात, "व्यंकटय्या जागंवर हाय." या परीक्षेला काय अर्थ उरला, असं मी विचारलं होतं. त्यानंतर त्यांनी दिवसभर माझ्याशी अबोला धरला.

तात्या वळसंगहून पोरवयात सोलापुरात आले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्यात असतो, या म्हणतो. तात्या जातात आणि चार दिवसांत परत येतात. "तितं शेजाऱ्याचं नाव खालच्या पाटीवर वाचाय लागतंय," म्हणतात.

तर एका सकाळी तात्यांचा एकही रुपया गेला नाही. त्यांनी फोन झटकला, चार्जिंगला लावला आणि शेवटी माझ्या हातात दिला. बँकेने खातं गोठवलं होतं.

"गोठवलं? सोलापुरात? उन्हाळ्यात?"

शिलाई टाकून मी त्यांच्याबरोबर बँकेत गेले. काउंटरवरच्या मॅडम नव्या होत्या, वागायला चांगल्या, पण त्यांनाही काही ठाऊक नव्हतं. कुणी गोठवलं, तर सिस्टीमने. का, तर ते दिसत नाही. कधी सुटेल, तर तेही नाही. पेन्शन त्याच खात्यात होती, म्हणून घाम मला फुटला होता. तात्यांचं गाऱ्हाणं वेगळंच होतं.

"बाई, माग बंद पडला तर तुटलेला धागा दिसतो. तुमचा कुठला धागा तुटलाय, तेवढा दावा की. मी जोडून देतो."

मॅडमनी खातं खालीवर करून पाहिलं आणि जरा संशयानेच विचारलं, रोज इतक्या जणांना तेवढीच रक्कम जाते, तेवढीच परत येते, हा नक्की कसला व्यवहार? मी हसून सांगणार होते की म्हाताऱ्याचं खूळ आहे. तेवढ्यात तात्याच बोलले.

"आमच्या मागावरचा कासीम खोलीत एकटा राहायचा. दार बंद दिसायचं. आमाला वाटलं, लेकीकडं गेला असंल. बाई, तो आतच हुता."

 खातं उघडण्याचा अर्ज मॅडमनी स्वतः लिहून घेतला. इतकी वर्षं समोर राहून मला हे माहीत नव्हतं. मला फार लाज वाटली.

खातं पुढे एक दिवस आपोआप उघडलं. कारण तेव्हाही कुणी सांगितलं नाही. पण मला सांगायचं आहे ते बँकेत गेलो त्या दुपारचं.

बँकेतून आलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. तात्या बिनचहाचेच पायरीवर बसले. माझ्या फोनवरून रुपये पाठवते म्हटलं, तर म्हणाले, तुझा रुपया त्यांना वळखू येणार न्हाय. ऊन उतरलं की सायकलवर एकेकाचं दार बघून येणार होते.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी व्यंकटय्या दिसले. डोक्यावर टॉवेल, एका पायात त्यांची चप्पल, दुसऱ्यात बहुधा सुनेची. मागून सून धापा टाकत येत होती. सकाळपासून दाराकडे धावतायत, म्हणाली, कुठे जायचंय ते सांगत नाहीत.

व्यंकटय्या थेट तात्यांसमोर उभे राहिले. त्यांनी मूठ उघडली. घामाने ओला झालेला एक रुपया होता.

"आज तुझा आला न्हाय," ते म्हणाले. "म्हून मीच घिऊन आलो."

तात्यांनी रुपया घेतला. तळहातावर उलटासुलटा करून पाहिला. मग तोच रुपया त्यांनी व्यंकटय्यांच्या मुठीत परत ठेवला आणि मूठ मिटवली.

"हाय," म्हणाले. "जागंवर हाय मी."

आणि माझ्याकडे न बघता, आवाज चढवून, त्यांनी मला चहाचं आधण ठेवायला सांगितलं.