पुंजाजींच्या बाभळी

आमच्या शेजारचे पुंजाजी माळी रोज सकाळी बकऱ्यांच्या मागे लेंड्या वेचत फिरायचे. साठीचा माणूस, डोक्याला पागोटं, आणि उपरण्याच्या टोकाला लेंड्यांची गाठ. माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी अक्षता काढायला चुकीची गाठ सोडली. नवरदेवाच्या डोक्यावर काय पडलं, ते व्याह्यांनी आम्हाला पुढं कितीतरी वर्षं ऐकवलं.

गाव आमचं अकोटाजवळचं. दूर देशी कुठंशी लढाई लागली आणि आमच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, तेव्हाची ही गोष्ट. कापूस अमरावतीच्या बाजारात न्यायला गाड्या हव्या, गाड्यांना बाभळीचं लाकूड हवं. नाल्याकाठच्या बाभळी दोन हिवाळ्यांत संपल्या. उघडा पडलेला काठ आम्ही पार पाण्यापर्यंत नांगरून कापसाखाली आणला. मीही आणला.

पुंजाजी त्याच काठावर काडीनं भोकं पाडून लेंड्या पुरत. बाभळीचं बी फार टणक. शेंगा खाल्लेल्या बकरीच्या पोटातून आलं म्हणजे लवकर उगवतं, असं त्यांचं म्हणणं. कोणी हसलं तर उत्तर ठरलेलं, "बकरीले विचारा." पाऊस लांबला, बैल लंगडला, सून रुसली, तरी सल्ला तोच.

नाल्याकडची चार हात जागा सोड, असं त्यांनी मलाही सांगून पाहिलं. मी म्हणालो, कापसाच्या जागेत काटे कोण लावतो? त्यांनी वाद घातला नाही. आपल्या शेतापुरतं करत राहिले.

तिसऱ्या पावसाळ्यात नाला फुगला. माझ्या शेताचा काठ कापसाच्या उभ्या पऱ्हाटीसकट खचून वाहून गेला. त्यांचा काठ, रोपांनी आणि गवतानं धरलेला, जागच्या जागी होता. पाणी ओसरल्यावर मी मान खाली घालून त्यांच्या दारी गेलो. त्यांनी मूठभर लेंड्या घेऊन माझ्या उपरण्याला गाठ मारून दिली. त्या वर्षी गावात ठरलं, ज्याचं शेत नाल्याला लागून, त्यानं आपल्यापुरता काठ राखायचा. बायांनी काट्यांचं कुंपण घातलं, गुराख्यांनी ढोरं दुसरीकडून वळवली.

बाभळी हळूहळू डोक्यावर गेल्या. एका श्रावणात पाण्यावर झुकलेल्या फांदीला सुगरणीचा पहिला खोपा लागलेला मला दिसला. पुंजाजी त्याखालीच बसले होते, डोळे पुसत. मी विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं.

त्यांची बायको राधाबाई, बाभळी संपल्या त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातच तापानं गेली होती. जन्मभर ती निंदण करून दुपारची भाकर नाल्यावरच्या एका बाभळीखाली खायची. शेवटी तिची नजर गेली, आणि मला तिथंच नेऊन बसवा, असा तिनं हट्ट धरला. ती बाभूळ पुंजाजींनीच आपल्या गाडीसाठी तोडलेली. हे तिला सांगायचा धीर त्यांना झाला नाही. तिला उचलून ते काठावर घेऊन गेले, डोक्याचं पागोटं सोडलं आणि दोन्ही हातांनी तिच्यावर धरून उन्हात उभे राहिले.

"सावली तिले खरी वाटली," पुंजाजी म्हणाले. "मंग मले म्हणे, पाखरं काहून बोलून नाई राह्यले? म्या म्हटलं, झोपले असतीन."

मी त्यांच्याजवळ खाली बसलो. वर खोप्याशी पाखरांची किचकिच चालली होती. पुंजाजी मान वर करून ती ऐकत राहिले, आणि मी उठून गेलो तरी त्यांना कळलं नाही.