'जातो' म्हणणारे देवरे सर

देवरे सर ऑफिसातून निघताना दारात उभे राहून मोठ्यांदा म्हणायचे, "जातो!"

'येतो' नाही. 'निघतो'सुद्धा नाही. सरळ 'जातो'. चहा करणाऱ्या शिंदे मावशी रोज कानांवर हात ठेवायच्या. "सर, तिन्हीसांजेला असं बोलू नये हो. येतो म्हणा."

"मावशी, येतो म्हणून गेलेल्यांनीच सगळी मेमरी खाल्ली," असं म्हणत सर जिना उतरायचे. मावशींचं मत असं, की सरांच्या घरच्या काकू वारल्यापासून त्यांचं डोकं जरा फिरलंय.

नाशकात कॉलेज रोडला एका शिंप्याच्या दुकानावर आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. सर मूळचे सटाण्याचे. वैतागले की अहिराणीत शिरायचे. प्रोग्रॅम अडला की स्क्रीनला नाक लावून एकच प्रश्न: "कोनी धरी ठेयेल शे?" म्हणजे, कुणी धरून ठेवलंय? प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी हाच प्रश्न, लग्नाच्या पंगतीला उशीर झाला तरी हाच.

मी घोटीचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे. नोकरीला निघालो तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "नाव काढ." हेही ऑफिसात सगळ्यांना सांगून झालं होतं. पहिलंच मोठं काम मिळालं ते द्वारका चौकाजवळच्या एका पार्सलवाल्याच्या बुकिंगचं. प्रोग्रॅम जावा भाषेत लिहिला. तो सकाळी पळायचा, दुपारी रांगायचा आणि चारच्या सुमारास साफ बसायचा. मालकाने सांगून टाकलं, "सोमवारी पुन्हा बसला, तर काम पुण्याच्या लोकांना देतो." काम पुण्याला गेलं असतं तर मी परत घोटीला, भाताच्या गिरणीवर.

"मेमरी गळतेय," सर म्हणाले.

"शक्यच नाही. वापरून झालेल्या मेमरीचा कचरा जावा आपणच उचलते. परीक्षेत लिहिलंय मी. मार्क मिळालेत."

"घंटागाडी तुमच्या गल्लीत येते ना रे?"

"येते."

"घरात शिरते?"

"नाही."

"मग! दाराबाहेर ठेवलेलं तेवढंच नेते. घरातल्या एकाने जरी टोक धरून ठेवलं असलं, तरी ती हात लावत नाही. तिला वाटतं, लागत असेल यांना. आता सांग, कोनी धरी ठेयेल शे?"

शनिवारभर आम्ही शोधत बसलो. म्हणजे सर शोधत होते, मी डिग्री सांभाळत होतो. शेवटी सापडलं. बुकिंगची प्रत्येक खिडकी स्क्रीनवर उघडली की मुख्य प्रोग्रॅमला सांगायची, 'मी आले, भाडं बदललं तर मला कळव.' तो तिचं नाव लिहून घ्यायचा. कारकून खिडकी बंद करायचा, पण जाताना ती काही बोलायचीच नाही. दिवसभरात बंद झालेल्या सगळ्या खिडक्या त्याने नावासकट धरून ठेवलेल्या. मग घंटागाडी त्या नेणार कशी?

"येताना 'आले' म्हणाली," सर म्हणाले. "जाताना 'जाते' म्हणाली का?"

"सर, आपल्यात म्हणत नाहीत."

सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. "तुझ्या बापाने काय सांगितलं होतं?"

"नाव काढ."

"मग काढ की लेका! खिडकी बंद होताना तिचं नाव काढ!"

एक ओळ घातली. सोमवारी प्रोग्रॅम दिवे लागेपर्यंत पळाला. काम नाशकातच राहिलं, मीही. वडिलांना फोन करून सांगितलं, नाव काढलं. कुणाचं, ते सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी पेढे घेऊन पाथर्डी फाट्याला सरांच्या घरी गेलो. एकटा माणूस, पण घर टापटीप. "पेढे नंतर, आधी मिसळ," म्हणत त्यांनी चपला घातल्या. मी जिन्यात पुढे झालो. खाली घंटागाडी वाजत होती. सरांनी दार ओढून घेतलं. आता तो ठणठणीत 'जातो' ऐकायला मिळणार, म्हणून मी थांबलो.

सरांनी दार पुन्हा बोटभर उघडलं आणि आत, रिकाम्या घरात, हळूच म्हणाले, "येतो गं."

मग कुलूप लावलं. मी बघतोय हे त्यांना दिसलं.

"काय बघतोस? चल. तर्री संपेल."