वेळेत भांडावे

कोणतीही गल्ली सुधारायची असेल, तर ती बिघडलेली आहे हे आधी तिथल्या रहिवाशांना पटवावं लागतं. या गल्लीतले लोक समजूतदार. त्यांना लगेच पटलं.

पटलं नाही ते फक्त शिवणकाम करणाऱ्या वहिनींना. वहिनी दुसऱ्या मजल्यावर राहत आणि समोरच्या इमारतीत, हात लांबवला तर दोरा देता येईल इतक्या जवळ, त्यांच्या थोरल्या नणंदबाई. सासूबाईंचं पितळी पातेलं कोणी नेलं, यावर दोघी खिडकीतून खिडकीत रोज भांडत. (कोणी नेलं ते दोघींनाही ठाऊक होतं, पण विषय संपवून कोणाचं भलं झालंय?)

मग नवी मंडळी राहायला आली. गल्ली 'जिवंत' आहे म्हणून त्यांना ती फार आवडली. आल्याबरोबर त्यांनी आवाजाची तक्रार केली. गल्ली सुधार समिती स्थापन झाली. सुताराच्या जागी, सुताराची जुनी हत्यारं भिंतीवर टांगायला विकणारं दुकान आलं. (सुतार अधूनमधून लांबून येऊन आपला रंधा बघून जाई.)

भांडणाबाबत समितीने उदार धोरण स्वीकारलं. भांडण हा गल्लीचा ठेवा असल्याने ते बंद न करता संध्याकाळी पाच ते साडेपाच, सभ्य भाषेत करावं, असा ठराव झाला. खाली पाहुणे फोटो काढू लागले. वहिनींना आधी लाज वाटली; मग त्या केस विंचरून भांडू लागल्या.

गल्लीला भाव आलेला पाहून नणंदबाईंच्या घरमालकाने त्यांना घर सोडायला सांगितलं. त्या शहराच्या टोकाला, लेकाकडे निघाल्या.

"वहिनी, तुमची दोऱ्याची रिळं राहिलीत माझ्याकडे."

"राहू द्या."

"मागून म्हणाल, वन्संनी रिळं लांबवली."

"म्हणेन की. ऐकायला कोण असणार आहे इथे?"

नणंदबाईंनी खिडकी लावून घेतली.

समितीने ठेव्यात खंड पडू दिला नाही. नाटकात काम करणारी एक मुलगी त्या खिडकीत बसवली. आवाज खणखणीत. पहिल्याच दिवशी ती कडाडली, तशी वहिनींनी विचारलं, "जेवलीस का गं?" पाहुण्यांचा विरस झाला. वहिनींना लेखी समज मिळाली. (पाहणीत पंच्याण्णव टक्के पाहुण्यांना जुनी नणंद अधिक अस्सल वाटली. उरलेल्यांनी घर भाड्याने मिळेल का, एवढंच विचारलं.)

रविवारी वहिनी दोन बस बदलून नणंदबाईंकडे गेल्या. सोफ्यावर शेजारी शेजारी बसून दोघींना काही सुचेना.

"जरा लांब जाऊन बोला ना, वहिनी," शेवटी नणंदबाई म्हणाल्या.

वहिनी स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून ओरडल्या, "पातेलं कुठंय, वन्सं?"

"तुमच्या माहेरी विचारा!"

सुनेने येऊन दार लोटेपर्यंत त्या मनसोक्त भांडल्या. परतताना बसमध्ये वहिनींना रडू आलं. पुढच्याच महिन्यात त्यांनाही घर सोडावं लागलं.

इथवर वाचून तुम्हाला हळहळ वाटली असेल. समितीच्या अनुभवानुसार हळहळणारी माणसंच उत्तम भाडेकरू ठरतात. दोन्ही घरं बघायला खुली आहेत. उजेड भरपूर, शेजार शांत. (भाडं विचारू नये. तुम्हाला परवडेल, म्हणून तर ही गोष्ट तुम्हाला सांगितली.)